जलरंगातला विंटर पॅलेस आणि आजचा: हर्मिटेजमध्ये काय जुळते, काय जुळत नाही

सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात बहुतेक लोक जातात ते लिओनार्दो आणि रेम्ब्रांसाठी. एकोणिसाव्या शतकातला रशियन दरबार चित्रांतून बघायचा असेल, तर मात्र हे ठिकाण थोडे कोड्यात टाकते. झारचा राजवाडा, म्हणजे विंटर पॅलेस, समोर आहे, दालने उघडी आहेत, सेनापतींची तैलचित्रे जागच्या जागी टांगलेली आहेत. पण याच दालनांची त्या काळी काढलेली जलरंगचित्रे, जी या विषयाचा खरा गाभा, ती भिंतीवर कायमची दिसत नाहीत. ती संग्रहालयाच्या कागदी चित्रांच्या भांडारात असतात आणि एखाद्या तात्पुरत्या प्रदर्शनापुरती बाहेर येतात. म्हणून सुरुवातीलाच सांगणे बरे: वास्तूला पूर्ण गुण, पण चित्रे आपण बरोबर घेऊन गेलो तरच. रिकाम्या हाताने गेलात तर सोने, संगमरवर आणि गर्दी एवढेच हाती लागेल.

चित्रे भांडारात ठेवण्यामागे आडमुठेपणा नाही. जलरंगाचा थर पातळ, त्यातले काही रंग उजेडाने उडणारे, आणि उजेडाचे नुकसान साचत जाते, भरून येत नाही. म्हणून जगभर अशा कागदांसाठी ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) मर्यादा पाळतात. रोज आठ तास, नव्वद दिवस, ५० लक्स म्हणजे ३६,००० लक्स-तास. तेच चित्र २०० लक्सच्या दालनात लावले तर एवढा उजेड साडेबावीस दिवसांतच संपतो. नेवा नदीकडे मोठाल्या खिडक्या असलेल्या राजवाड्यात दिवसाचा उजेड याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे ज्या दालनाचे चित्र, त्याच दालनात ते लावणे जवळपास अशक्यच.

ही जलरंगचित्रे काढणाऱ्यांची चार नावे पक्की लक्षात ठेवावीत. एदुआर्द हाऊ (१८०७ मध्ये रेव्हाल, म्हणजे आजच्या टालिनमध्ये जन्म), कॉन्स्टांटिन उख्तोम्स्की (१८१८–१८८१), मिलानहून आलेला लुइजी प्रेमाझ्झी (१८१४–१८९१) आणि वासिली सादोव्हनिकोव्ह (१८००–१८७९). सादोव्हनिकोव्ह जन्माने भूदास, राजकुमारी गोलित्सिनाच्या मालकीचा. १८३८ मध्ये मुक्त झाला. उख्तोम्स्की शिक्षणाने वास्तुविशारद, आणि ते त्याच्या कामात लगेच कळते: खांबांचे अंतर, कमानीची गोलाई, जिन्याच्या पायऱ्या यांत तो हाऊपेक्षा काटेकोर आहे. हाऊचा हात कापड, गालिचे, टेबलावरच्या बारीकसारीक वस्तू यांवर जास्त बसलेला. खासगी खोल्यांसाठी हाऊ, समारंभी दालनांसाठी उख्तोम्स्की आणि न्यू हर्मिटेजसाठी (संग्रहालयाची वेगळी इमारत) या दोघांच्या जोडीला प्रेमाझ्झी, अशी वाटणी मनात ठेवली की शोध सोपा होतो. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर यांची बरीच चित्रे मोठी करून पाहता येतात. हाऊचे नाव रशियनमध्ये ‘गाऊ’ असे लिहितात. एका नावाने चित्र सापडले नाही तर दुसऱ्या नावाने शोधावे.

ही चित्रे निघाली त्याला पार्श्वभूमी आहे ती आगीची. जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे १७ डिसेंबर १८३७ रोजी फील्ड मार्शल दालनाच्या भागातून आग पसरली. नव्या लाकडी आडभिंतीमागच्या धुरांड्याच्या पोकळीत ती आतल्या आत धुमसत राहिली, आणि दिसली तेव्हा उशीर झाला होता. राजवाडा तीन दिवस जळत होता. वासिली स्तासोव्ह आणि अलेक्सांद्र ब्र्युलोव्ह या वास्तुविशारदांनी तो इतक्या झपाट्याने उभा केला की १८३९ च्या ईस्टरला मुख्य दालने वापरात आली होती. घाईची किंमतही मोजावी लागली: १८४१ मध्ये सेंट जॉर्ज दालनाचे छत कोसळले. एवढे सगळे डोळ्यांदेखत राख होऊ शकते हे अनुभवलेल्या घराण्याने पुढे एकेक खोली कागदावर उतरवून घेतली, यात नवल नाही. छायाचित्रण तोवर आले होते, पण त्याला रंग नव्हता, आणि मेणबत्तीच्या उजेडातली खोली टिपण्याइतका वेगही नव्हता.

जाण्यापूर्वी दहा-बारा चित्रे निवडून फोनवर उतरवून ठेवावीत. दालनात उभे राहून शोधू म्हटले तर वेळ जातो आणि मागची रांग पुढे ढकलत राहते. कागदावर छापून नेली तर अधिक बरे, कारण चित्र आणि दालन एकाच नजरेत आलटून-पालटून बघावे लागते आणि फोनचा पडदा खिडकीच्या उजेडात काळा पडतो. प्रत्येक प्रतीच्या मागे दालनाचा क्रमांक लिहून ठेवावा: सेनापतींचे दालन १९७, सेंट जॉर्ज दालन १९८, मॅलाकाइट दालन १८९, पॅव्हिलियन दालन २०४, राफाएल लॉज २२७, अलेक्झांडर दालन २८२, पांढरे दालन २८९, सोनेरी बैठक ३०४, बुद्वार (सम्राज्ञीची खासगी बैठकीची खोली) ३०६. दारावरचे क्रमांक आणि नकाशावरचे क्रमांक जुळतात, त्यामुळे भाषा येत नसली तरी अडत नाही. मजल्यांचा मात्र घोळ होतो. रशियात तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. वर दिलेली सगळी दालने त्यांच्या दुसऱ्या, म्हणजे आपल्या पहिल्या मजल्यावर आहेत.

शिवाय आठपट जवळ आणणारी छोटी दुर्बीण ठेवावी. ती कशासाठी, ते सेनापतींच्या दालनात कळेल. फ्लॅश वापरू देत नाहीत, आणि चालला असता तरी व्हार्निशवर त्याचा पांढरा डागच उमटला असता.

जॉर्डन जिना सगळ्यांना प्रथम लागतो. उख्तोम्स्कीने तो १८६६ मध्ये रंगवला. चित्रातले करडे ग्रॅनाइटचे खांब आजही तेच आहेत. राजवाड्याचा मूळ वास्तुविशारद रास्त्रेल्ली, त्याच्या जिन्याचे खांब गुलाबी होते. आगीनंतर स्तासोव्हने ते बदलले. म्हणजे हा ‘अठराव्या शतकातला’ जिना निम्मा तरी एकोणिसाव्या शतकाचा आहे, आणि चित्र समोर धरले की ते दालनातल्या कुठल्याही मजकुरापेक्षा लवकर पटते. वर पोचल्यावर मागे वळून पाहावे. खालून वर पाहणाऱ्यांच्या गर्दीत चित्राचा कोन सापडत नाही.

पर्यटकांचे जथे बहुधा इथून फील्ड मार्शल दालन, पीटर दालन, सेनापतींचे दालन, सेंट जॉर्ज आणि मग मोराचे घड्याळ असलेले पॅव्हिलियन दालन या क्रमाने सरकतात. सकाळी दार उघडल्यावर थेट राजवाड्याच्या दुसऱ्या टोकाला, चौकाकडच्या नैऋत्य कोपऱ्यात जावे आणि समारंभी दालनांकडे दुपारनंतर यावे. गर्दी तेव्हाही असते, पण थोडी विरळ.

त्या कोपऱ्यात दुसऱ्या अलेक्झांडरची पत्नी मारिया अलेक्सांद्रोव्हना हिच्या खोल्या आहेत, आणि हाऊसाठी जायचे ते इथेच. सोनेरी बैठक त्याने १८६१ मध्ये रंगवली. भिंती, दारे, छत सगळीकडे सोने, आणि तरी चित्रात सोन्याचा एकही चकाकणारा कण नाही. गेरूसारखा पिवळा, सावलीला तपकिरी आणि कडांवर पांढऱ्याचे बारीक ठिपके, एवढ्यावर त्याने ते साधले आहे. प्रत्यक्षात दालन जास्त जड वाटते. कारण चित्रातले सोफे, खुर्च्या, गालिचा आणि रोपे गेली आहेत आणि काचेची कपाटे आली आहेत. चित्रात सोने पार्श्वभूमीला आहे, आज तेच अंगावर येते. शिवाय खिडक्या दक्षिण-पश्चिमेच्या. दुपारी ऊन आले की मुलाम्यावरचा बारीक नक्षीचा उठाव दिसेनासा होतो. हे दालन सकाळीच पाहावे.

पुढचे बुद्वार, हाराल्ड बोसेने १८५३ मध्ये केलेले, हा या सगळ्यातला सर्वांत समाधानकारक सामना आहे. आरसे, लाल कापड, सोनेरी वेलबुट्टी. खोली लहान असल्याने चित्रकाराला ताणावी लागलेली नाही आणि हाऊच्या चित्रातली दाटी आजही बऱ्यापैकी टिकून आहे. आरशांकडे नीट पाहावे. आरशात खोलीची दुसरी बाजू किती दिसायला हवी हे हाऊने मोजून काढलेले दिसते. त्याला लागूनच्या निळ्या शयनगृहात मात्र निराशाच आहे. हाऊचे चित्र आहे, खोली आहे, पण सजावट उरलेली नाही. या खोलीबद्दल जे काही कळायचे ते आता त्या कागदावरूनच.

अशा खोल्या आणखीही आहेत. पहिल्या निकोलायची तळमजल्यावरची लहान अभ्यासिका, जिथे लोखंडी खाटेवर १८५५ मध्ये त्याचा मृत्यू झाला, ती हाऊच्या चित्रातच उरली आहे. मॅलाकाइट दालनाशेजारचे सम्राज्ञी अलेक्सांद्रा फ्योदोरोव्हनाचे दालन शोधत गेलात तर १८९४-९५ मध्ये दुसऱ्या निकोलायसाठी केलेली छोटी भोजनखोली लागेल. चित्रे बहुतेक १८५० आणि १८६० च्या दशकांतली. त्यानंतर झालेले बदल त्यांत नसणारच. दालन जुळत नाही म्हणून चित्र चुकीचे ठरवण्याआधी दोन्हींची साले पाहावीत.

मॅलाकाइट दालन उख्तोम्स्कीने १८६५ मध्ये रंगवले. आठ खांब, भिंतीत आठ अर्धखांब, सगळे उरालच्या हिरव्या दगडाचे. ते सबंध दगडाचे नाहीत. काही मिलिमीटर जाडीचे तुकडे रेषा जुळवून चिकटवलेले आहेत. खांबाच्या अगदी जवळ, तिरपे उभे राहिले की सांधे दिसतात. चित्रात ते दिसत नाहीत. उख्तोम्स्कीने दगडाची नागमोडी नक्षी सलग वाहती ठेवली आहे, म्हणजे कारागिरांना जो भास घडवायचा होता तोच त्याने चित्रात पुरा केला. खिडक्या उत्तरेला नदीकडे, त्यामुळे इथला उजेड दिवसभर सारखा राहतो आणि हिरव्या रंगाची तुलना करायला हीच जागा सर्वांत चांगली. संगणकावरच्या प्रतींत हा हिरवा बहुधा निळसर झालेला असतो. १९१७ मध्ये हंगामी सरकारच्या बैठका याच दालनात होत असत, आणि मार्गदर्शक तेवढेच सांगून पुढे निघतात.

आता १९७ क्रमांक. नेपोलियनविरुद्धच्या १८१२ च्या युद्धातल्या सेनापतींचे हे दालन कार्लो रोस्सीने केले, डिसेंबर १८२६ मध्ये ते उघडले. दरबारी व्यक्तिचित्रे मूळ जागी, मूळ मांडणीत आणि एवढ्या संख्येने पाहण्यासाठी दुसरी जागा सुचत नाही. ३३२ सेनापती, इंग्रज चित्रकार जॉर्ज डॉव आणि त्याचे दोन मदतनीस: भूदास अलेक्सांद्र पोल्याकोव्ह आणि वासिली गोलिके. आग लागली तेव्हा सैनिकांनी ही चित्रे बाहेर काढून वाचवली. आगीपूर्वीचे दालन ग्रिगोरी चेर्नेत्सोव्हच्या १८२७ च्या तैलचित्रात आहे, नंतरचे हाऊच्या १८६२ च्या जलरंगात. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय या दालनातून बाहेर पडू नये, कारण रोस्सीचे काय राहिले आणि स्तासोव्हने काय बदलले हे त्यातूनच उलगडते. हाऊचे चित्र आणि आजचे दालन यांत फरक शोधावा लागतो, इतके ते जुळते.

छातीपर्यंतची चित्रे सुमारे ७० सेंटिमीटर उंचीची आहेत आणि एकावर एक पाच ओळींत लावली आहेत. वरच्या दोन ओळी नुसत्या डोळ्यांनी म्हणजे फक्त लाल कॉलर आणि चेहऱ्याचा ठिपका. दुर्बीण लागते ती इथे. छतातून उजेड उतरतो, त्यामुळे चित्रासमोर सरळ उभे राहिले तर व्हार्निशवर छताचे प्रतिबिंब येते. समोरच्या भिंतीपाशी जाऊन दोन पावले बाजूला सरकावे, मग रंग उघडतो. ढगाळ दिवस असेल तर उत्तमच. चौकटींखाली पद आणि आडनाव रशियनमध्ये आहे. रशियन अक्षरे वाचायला एक संध्याकाळ दिली असेल तर इथे ती वसूल होते. तेरा चौकटी रिकाम्या आहेत, हिरवे रेशीम लावलेल्या. नाव ठरले, पण चित्र मिळाले नाही. झारविरुद्धच्या डिसेंबर १८२५ च्या उठावात भाग घेतलेल्या सेर्गेई व्होल्कोन्स्कीचे चित्र तयार असूनही गाळले गेले होते. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंतीवर आले.

गुणवत्ता एकसारखी नाही, हेही सांगायला हवे. जिवंत सेनापती समोर बसवून काढलेला चेहरा आणि जुन्या लघुचित्रावरून उचललेला चेहरा यांत फरक लगेच कळतो. पहिल्यात कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर ब्रशचा जाड, मोकळा फटकारा असतो. दुसऱ्यात त्वचा सपाट आणि डोळे कुठेच न पाहणारे. पदके मात्र सगळीकडे नेमकी. दालनाच्या टोकाचा पहिल्या अलेक्झांडरचा घोड्यावरचा मोठा कॅनव्हास डॉवचा नाही. तो बर्लिनच्या फ्रान्झ क्र्युगरचा, १८३७ चा. घोडे काढण्यात क्र्युगरचा हात कुणी धरला नसेल, पण सम्राटाचा चेहरा इथे घोड्यापेक्षा फिका पडला आहे.

सेंट जॉर्ज दालन उख्तोम्स्कीच्या १८६२ च्या चित्राशी मांडणीत जुळते. पांढरा संगमरवर, आणि छताच्या नक्षीचेच रूप लाकडी जडावाच्या फरशीत. आजचे सिंहासन पाहून मधल्या काळाचा अंदाज येत नाही: सोव्हिएत काळात बरीच वर्षे त्याच जागी रत्नखड्यांनी घडवलेला सोव्हिएत संघाचा नकाशा होता. दोरीच्या आत जाता येत नसल्याने चित्रकाराची जागा मिळत नाही. दाराच्या उंबऱ्यापासून मधल्या रेषेवर उभे राहिले की त्यातल्या त्यात जवळचा कोन साधतो.

कोनाबद्दल एक गोष्ट सर्व चित्रांना लागू आहे. जवळपास प्रत्येक चित्रात छत, फरशी आणि दोन्ही बाजूंच्या भिंती एकदम दिसतात. एका जागी उभ्या माणसाच्या डोळ्यात एवढे मावत नाही. चित्रकार नजरेचा पल्ला रुंद करतो आणि पाहण्याची उंची थोडी वर नेतो, म्हणून फरशीचा नमुना उलगडतो आणि दालन प्रत्यक्षापेक्षा खोल भासते. फोनचा रुंद भिंगाचा कॅमेरा हाच परिणाम देतो, पण कडांच्या रेषा वाकवतो. उख्तोम्स्कीच्या कडा सरळ राहतात. मोजमापासाठी चित्रातली लांबी घेऊ नये. खिडक्या, खांब आणि दिवे यांची संख्या घ्यावी, ती भरवशाची.

दुसरी गोष्ट, माणसे. हाऊ आणि उख्तोम्स्कीची दालने बहुधा रिकामी, फार तर एखादा नोकर किंवा पहारेकरी. दरबार भरलेला पाहायचा तर हंगेरियन मिहाय झिची (१८२७–१९०६) याच्याकडे वळावे. मे १८७३ मध्ये पर्शियाचा शहा नासिरुद्दीन आला तेव्हा कॉन्सर्ट दालनात झालेल्या नृत्यसमारंभाचे त्याचे जलरंगचित्र याच दालनात, १९० क्रमांकात उभे राहून पाहावे. झिचीला खांबांशी देणेघेणे नाही. उजेड, पोशाख आणि वाकलेल्या माना यांत त्याला रस.

राजघराण्यातल्या स्त्रियांच्या चित्रांत स्कॉटिश क्रिस्टिना रॉबर्टसन आणि फ्रान्झ झाव्हर विंटरहाल्टर ही दोन टोके आहेत. रॉबर्टसनची त्वचा चिनीमातीसारखी, हात लांबसडक, सॅटिन अप्रतिम. हुबेहूबपणा मात्र बेताचा. विंटरहाल्टरने १८५७ मध्ये काढलेल्या मारिया अलेक्सांद्रोव्हनाच्या चित्रात मोत्यांचा ढीग असूनही नजर चेहऱ्यावरच थांबते. एदुआर्दचा सावत्र भाऊ व्लादिमीर हाऊ (१८१६–१८९५) याची छोटी जलरंगी व्यक्तिचित्रे या दोघांपेक्षा विश्वासू वाटतात, पण तीही कागदावरची, म्हणजे पुन्हा भांडारात.

प्रती विकत घ्यायच्या असतील तर मॅट कागदावरच घ्याव्यात. चकचकीत कागदावर हाऊचा पांढरा ठिपका आणि खोलीतल्या दिव्याचे प्रतिबिंब यांत फरक राहत नाही. मूळ चित्रे साधारण ३० ते ४० सेंटिमीटरची. त्याच्या दुप्पट मोठी प्रत घेतली की रंगाची घनता विरते आणि चित्र कोरडे दिसते. निवडताना सोनेरी भाग तपासावा: त्यात हिरवट झाक असेल तर छपाईत गडबड आहे. कागद पांढराशुभ्र दिसत असेल तर तेही संशयास्पद, कारण मूळ कागद काळाने थोडा पिवळावलेला आहे.

एक दिवस जादा असेल तर सेंट पीटर्सबर्गजवळचे गॅचिना. हाऊने १८७० च्या दशकात तिथल्या राजवाड्याच्याही खोल्या रंगवल्या. जानेवारी १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याच्या काळात राजवाडा जळाला, १९७६ मध्ये दुरुस्ती सुरू झाली आणि १९८५ मध्ये पहिली दालने उघडली. त्या कामात हाऊची जलरंगचित्रे आधाराला होती. विंटर पॅलेसमध्ये चित्र दालनाची नक्कल आहे, गॅचिनात बऱ्याच ठिकाणी दालनच चित्रावरून बेतलेले आहे. तुलना करताना हे विसरले तर ‘किती हुबेहूब’ असे उद्गार निघतात आणि ते वाया जातात. बाल्तिस्की स्थानकावरून गॅचिना-बाल्तिस्काया स्थानकाची लोकल पकडावी; तिथून राजवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गॅचिना नावाचे दुसरेही स्थानक आहे, म्हणून तिकीट घेताना पूर्ण नाव सांगावे.